पडद्यामागचे दुसरे शरद जोशी

शरद जोशी हे नाव घेतले की मराठी वाचकाला आठवतात ते शेतकरी संघटनेचे नेते. नावाचा हा योगायोग इतका पक्का आहे की, त्यांच्याहून चार वर्षांनी वडील असलेले, त्याच नावाचे हिंदीतील एक थोर व्यंग्यकार मराठी मुलखात काहीसे झाकोळले गेले. गंमत अशी की, या दुसऱ्या शरद जोशींचे लेखन ऐकले नाही असे घर १९८४-८५ च्या सुमारास दूरदर्शन संच असलेल्या घरांत क्वचितच असेल. शुक्रवारी रात्री ‘ये जो है ज़िंदगी’ पाहून पोट धरून हसणारे आणि रविवारी ‘विक्रम और बेताल’ पाहण्यासाठी शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसणारे, अशा दोन्ही प्रेक्षकांनी त्यांची वाक्ये ऐकली. नट लक्षात राहिले, शीर्षकगीते लक्षात राहिली. ही वाक्ये लिहिणारा माणूस कोण, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. त्या माणसाची जडणघडण इंदूरमध्ये झाली होती, आणि तिच्यात मराठी माणसांचाही वाटा होता.

शरद जोशींचा जन्म २१ मे १९३१ रोजी उज्जैन येथे झाला. वडील श्रीनिवास, आई शांती. दोन मुलगे आणि चार मुली असे भरलेले कुटुंब. लेखनाची ओढ लहानपणापासूनची. पदवीच्या शिक्षणासाठी ते इंदूरच्या होळकर महाविद्यालयात आले. होळकर संस्थानाच्या काळात, १८९१ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय माळव्यातील विद्येचे मोठे केंद्र होते. संस्थाने विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्याने आकारास आलेल्या मध्यभारत राज्याचा कारभार काही महिने ग्वाल्हेरहून आणि काही महिने इंदूरहून चालत असे. जुने दरबार ओसरत होते आणि नवे दरबार भरत होते. अधिकारी, पुढारी, अर्जदार, मध्यस्थ या सगळ्यांची ये-जा एका तरुणाला रोज डोळ्यांनी पाहायला मिळत होती. पुढे आयुष्यभर पुरलेला ऐवज त्याने येथेच गोळा केला.

बारपुते यांची शाळा

इंदूर हे दोन भाषांत नांदणारे शहर. राजवाड्याभोवतीच्या आणि रामबागेसारख्या वस्त्यांतून मराठी कानावर पडावी, सराफ्यातल्या गर्दीत माळवी ऐकू यावी आणि वर्तमानपत्र हिंदीत वाचावे, असा तेथील रिवाज. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९१८ मध्ये हिंदी साहित्य संमेलन भरले ते याच शहरात. ज्या मराठी घराण्याने हे शहर वाढवले, त्याच्याच आश्रयाने तेथे हिंदीही फोफावली. देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, १९४७ मध्ये, तेथे ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक सुरू झाले. त्याचे संपादकपद पुढे दीर्घकाळ सांभाळले ते राहुल बारपुते या मराठी माणसाने.

बारपुते हे नुसते संपादक नव्हते. मराठी रंगभूमीशी त्यांचे घट्ट नाते होते. चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व हे त्यांचे जिवलग. वृत्तपत्राची भाषा शुद्ध असावी, पण ती पुस्तकी असू नये, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे पत्रकार तयार झाले, ज्यांनी पुढे दिल्लीत हिंदी पत्रकारितेचा चेहरामोहरा बदलला. शरद जोशीही याच शाळेचे विद्यार्थी. ‘नई दुनिया’त त्यांनी ‘परिक्रमा’ या नावाने स्तंभ लिहायला सुरुवात केली. मर्यादित शब्दांत, ठरलेल्या वेळी, कालच्याच घटनेवर, पण उद्याही वाचावेसे वाटेल असे लिहायचे, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती या स्तंभामुळे. त्यातील निवडक लेखांचे ‘परिक्रमा’ हे पहिले पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले १९५५ मध्ये. शरद जोशींनी तेथेही लिहिले. छापील लेखात वाचक मागे वळून वाक्य पुन्हा वाचू शकतो; रेडिओवर निसटलेले वाक्य परत येत नाही. त्यामुळे वाक्य तोंडात बसेल असे, श्वासाच्या मापाचे लिहावे लागते. पुढे दूरदर्शनसाठी लिहिताना त्यांना नव्याने काही शिकावे लागले नाही, याचे कारण ही रेडिओची उमेदवारी.

याच काळात त्यांची ओळख इरफाना सिद्दिकी यांच्याशी झाली. मूळच्या भोपाळच्या इरफाना स्वतः लेखिका, रेडिओ कलावंत आणि रंगमंचावरील अभिनेत्री. दोघांनी १९५८ मध्ये विवाह केला. फाळणीला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. हिंदू ब्राह्मण तरुणाने मुसलमान तरुणीशी लग्न करणे ही मध्यमवर्गीय माळव्यात सहज पचणारी गोष्ट नव्हती. कागदावर ढोंगाची टर उडवणे सोपे असते. या दोघांनी मात्र आपल्या मतांची किंमत स्वतःच्या संसारात मोजली. इरफाना यांनी पुढे पतीचे पहिले नाव आपल्या नावापुढे लावले आणि त्या इरफाना शरद या नावाने ओळखल्या गेल्या.

नोकरी आणि लेखणी

मध्य प्रदेश राज्याची स्थापना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली आणि राजधानी भोपाळला गेली. शरद जोशीही राज्याच्या माहिती विभागात नोकरीस लागले. सरकारची कामगिरी लोकांपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे दिवसाचे काम, आणि सरकारी कारभारातील विसंगती टिपणे हे रात्रीचे. हा दुहेरी संसार फार काळ टिकणे शक्यच नव्हते. कार्यालयात बसून त्यांनी जे पाहिले, त्यातूनच त्यांचे उत्तम लेखन जन्मले. पण ते लेखन प्रसिद्ध करायचे तर कार्यालय सोडणे भाग होते. साठच्या दशकात त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. हिंदीत केवळ लेखणीवर घर चालवणे त्या काळी जवळपास अशक्यच मानले जाई. घरात पत्नी आणि मुली होत्या. तरीही पुढची पंचवीस वर्षे त्यांनी लेखणीवाचून दुसरे उत्पन्न शोधले नाही.

या काळातील त्यांचा ‘जीप पर सवार इल्लियाँ’ हा लेख हिंदी व्यंग्याचा मानदंड समजला जातो. हरभऱ्याच्या पिकावर अळ्या पडल्याची बातमी येते. पाहणीसाठी अधिकाऱ्यांची जीप शेतांकडे निघते. अळ्या किती, नुकसान किती, याची चर्चा होते. आणि परतताना अधिकारी शेतातला हिरवा हरभरा जीपमध्ये भरून घेतात. खरी अळी कोठे आहे, हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. लेखात आवाज चढलेला नाही, कोणाला शिव्याशाप नाहीत. माणसे जशी वागतात तशी मांडायची आणि बाजूला व्हायचे, ही त्यांची रीत. शेतीमातीशी नाते असलेल्या गोमंतकीय वाचकालाही या अळ्या अनोळखी वाटू नयेत.

आणीबाणीनंतरच्या काळात रंगमंचावर गाजलेले त्यांचे नाटक ‘एक था गधा उर्फ अलादाद ख़ाँ’ याच रीतीचे. धोब्याचा अलादाद नावाचा गाढव मरतो. धोबी शोक करतो. अलादाद हा कोणी माणूसच होता अशा समजुतीने नवाब अंत्ययात्रेला खांदा देण्याची घोषणा करतो, कारण त्याला सामान्यांचा कैवारी म्हणून मिरवायचे आहे. मृत हा गाढव होता हे उघड होते तेव्हा घोषणा मागे घेता येत नाही. म्हणून अलादाद नावाचा एक जिवंत माणूस शोधला जातो आणि त्याचे प्रेत करण्यात येते. प्रेक्षक हसत हसत या टोकापर्यंत येतो आणि तेथे त्याचे हसू थिजते. सत्तेची प्रतिमा सांभाळण्यासाठी माणसाचा बळी जाऊ शकतो, हे इतक्या थेटपणे सांगणारी नाटके हिंदीत थोडीच आहेत. ‘अंधों का हाथी’ या त्यांच्या दुसऱ्या नाटकाचेही देशभर प्रयोग झाले.

त्यांचे आणखी एक धाडस मराठी वाचकाला चटकन कळेल. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाने गावोगावची मैदाने गाजवली, पु. ल. देशपांडे यांनी एकट्याच्या बळावर नाट्यगृहे भरवली. हिंदीत मात्र व्यासपीठ होते ते कविसंमेलनाचे, आणि तेथे गद्याला थारा नव्हता. शरद जोशी कवींच्या रांगेत जाऊन बसले आणि हातातला कागद पाहून चक्क गद्य वाचू लागले. ना चाल, ना यमक, ना हातवारे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या संमेलनांत हजारो श्रोते त्यांच्या लेखाची वाट पाहत थांबू लागले. व्यंग्याला मंचावर प्रतिष्ठा मिळाली ती त्यांच्यामुळे.

प्रायोजकांचे दिवस

चित्रपटसृष्टीने त्यांना मुंबईला नेले. बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) या चित्रपटाचे संवाद शरद जोशींचे. बसथांब्यावर उभा राहणारा, मनातले ओठांवर आणू न शकणारा कारकून अमोल पालेकर यांनी उभा केला. त्याची भाषा माळव्यातून आलेल्या या लेखकाची होती. गिरीश कार्नाड यांच्या ‘उत्सव’ (१९८४) चे संवादही त्यांनी लिहिले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर बेतलेला हा चित्रपट प्राचीन उज्जयिनीत घडतो. जन्मगावाच्या गल्ल्या दोन हजार वर्षे मागे जाऊन लिहिण्याची संधी अशी सहसा कोणाला लाभत नाही.

त्याच वर्षी भारतीय दूरदर्शनचा नूर पालटला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक रूपात सुरू झालेले दूरदर्शन १९७२ मध्ये मुंबईत आले, १९८२ मध्ये रंगीत झाले आणि १९८४ मध्ये प्रक्षेपकांचे जाळे इतक्या वेगाने विणले गेले की काही महिने जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. जाळे तयार झाले, पण दाखवायचे काय? सरकारी तिजोरीतून नाट्यमालिका काढणे परवडणारे नव्हते. त्यावर प्रायोजित कार्यक्रमांचा तोडगा निघाला. एखादी कंपनी मालिकेच्या निर्मितीचा खर्च उचलणार, प्रक्षेपणाचे शुल्क दूरदर्शनला भरणार आणि बदल्यात आपल्या जाहिरातींसाठी काही सेकंद मिळवणार. या पद्धतीची पहिली मोठी मालिका ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी. दुसरी ‘ये जो है ज़िंदगी’. तिचे लेखक शरद जोशी. भारतीय मालिकांचा पाया अशा रीतीने दोन जोश्यांनी घातला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

‘हम लोग’मध्ये एकच कथा पुढे पुढे सरकत होती. ‘ये जो है ज़िंदगी’ची घडण वेगळी. घर तेच, नवरा-बायको तीच, बायकोचा बेकार भाऊ तोच. पण प्रत्येक भाग ही स्वतंत्र छोटी नाटिका. आज सुरू होऊन आजच संपणारी. कुंदन शाह, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार यांनी दिग्दर्शन केले. नवऱ्याच्या भूमिकेतले शफी इनामदार हे आपल्या कोकणातले, दापोली तालुक्यातील पांगारीचे. स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांच्या जोडीला सतीश शाह होते, आणि लेखकाने त्यांच्यासाठी दर भागात नवी व्यक्तिरेखा आणली. अशा पन्नासहून अधिक भूमिका त्यांनी वठवल्या. शीर्षकगीत गायले किशोरकुमार यांनी, जे स्वतः इंदूरच्या ख्रिश्चन महाविद्यालयाचे विद्यार्थी. मालिकेतील प्रसंग क्षुल्लक असत: पाहुणे येतात, साहेब जेवायला येतात, एखादी वस्तू हरवते. त्यातून शहरी मध्यमवर्गाची हाव, भीती आणि भाबडेपणा सहज बाहेर येई. शुक्रवारी रात्री रस्त्यांवरची वर्दळ ओसरत असे.

व्यंग्यकाराने सरकारी वाहिनीसाठी, तेही साबण-चहा विकणाऱ्यांच्या पैशावर लिहावे का, असा प्रश्न तेव्हाही उपस्थित होत होता. तो गैरलागू नव्हता. दूरदर्शनवर मंत्र्यांची थट्टा शक्य नव्हती, आणि प्रायोजकाला ग्राहक दुखावून चालत नव्हते. ‘अलादाद ख़ाँ’चा शेवट त्या पडद्यावर कधीच दिसला नसता. शरद जोशींनी या मर्यादा ओळखल्या आणि आपल्या लेखणीचे सरळ दोन भाग केले. पडद्यावर त्यांनी घरातल्या माणसाला हसवले. सत्तेशी असलेला हिशेब वर्तमानपत्रासाठी राखून ठेवला. १९८५ पासून ‘नवभारत टाइम्स’मध्ये त्यांचा ‘प्रतिदिन’ हा स्तंभ रोज प्रसिद्ध होऊ लागला. संपादक होते राजेंद्र माथुर, म्हणजे पुन्हा ‘नई दुनिया’चेच नाते. शेवटच्या पानावरचा हा स्तंभ आधी वाचण्यासाठी लोक वर्तमानपत्र उलटे धरू लागले. मालिकांच्या मानधनाने घर चालले आणि त्या आधाराने स्तंभ निर्भय राहिला. तडजोड कोठे करायची आणि कोठे नाही, हे त्यांनी स्वतःपुरते ठरवले होते.

‘वाह जनाब’ ही त्यांची त्याच सुमाराची आणखी एक मालिका. पण लहान मुलांच्या मनावर कायमचे कोरले गेले ते रामानंद सागर यांच्या संस्थेने काढलेले ‘विक्रम और बेताल’. अवघे २६ भाग, दर भागात नवी गोष्ट. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त गुंफलेल्या या कथा मराठीला नव्या नव्हत्या, एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. आमोणे, पैंगीण, लोलये येथे वेताळाला ग्रामदेव मानणाऱ्या गोव्यात तर हे नाव आदरानेच घेतले जाते. पडद्यावर अरुण गोविल विक्रम झाले आणि सज्जन वेताळ. या मालिकेच्या आणि पाठोपाठ आलेल्या ‘सिंहासन बत्तीसी’च्या लेखनात शरद जोशींचा हात होता. उज्जैनच्या राजाच्या गोष्टी उज्जैनच्याच माणसाने सांगाव्यात, हे औचित्यच म्हणायचे. सागर यांच्या ‘रामायणा’तील अनेक कलावंत प्रेक्षकांनी आधी याच छोट्या मालिकेत पाहिले होते.

या गोष्टींतली वेताळाची अट प्रसिद्ध आहे. राजा बोलला तर वेताळ निसटून पुन्हा झाडावर जाणार. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. शरद जोशींसमोर आयुष्यभर हाच पेच होता. बोलल्याने त्यांची नोकरी गेली. मुंबईत त्यांनी संपादित केलेले ‘हिंदी एक्सप्रेस’ हे साप्ताहिक अल्पायुषी ठरले. दर वेळी ओझे पुन्हा खांद्यावर घेऊन त्यांनी वाट धरली, आणि उत्तर ठाऊक असताना ते गप्प बसले नाहीत.

अखेरचे वर्ष

भारत सरकारने १९९० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १९९१ हे वर्ष मात्र घातवार घेऊन आले. एप्रिलमध्ये राजेंद्र माथुर गेले. जुलैमध्ये, शरद जोशींचे संवाद असलेला ‘दिल है के मानता नहीं’ प्रदर्शित झाला आणि तरुणाईने डोक्यावर घेतला. ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत शरद जोशींचे निधन झाले. वय अवघे साठ. ‘प्रतिदिन’ जवळपास सात वर्षे चालला होता.

त्यांच्या मागे वाहिन्यांची संख्या वाढली, तेरा भागांच्या मालिका जाऊन हजार भागांच्या आल्या. तरीही लेखक आटले की निर्माते त्यांच्या पुस्तकांकडे वळतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘लापतागंज’ या मालिकेने त्यांच्या कथांच्या आधारे लोकप्रियता मिळवली. पाहुणा केव्हा जाणार या विवंचनेवरचा त्यांचा लेख राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला, आणि तो शिकताना वर्गात हशा पिकत असे. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावे व्यंग्यलेखनासाठी राष्ट्रीय सन्मान देते. ज्या सरकारची नोकरी लेखनासाठी सोडावी लागली, त्याच सरकारने त्या लेखनाच्या नावाने पुरस्कार द्यावा, यावर शरद जोशींनी एक फक्कड लेख नक्कीच लिहिला असता.